मातेच्या देहाची हेळसांड

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एका मातेच्या अंत्यविधीची मिस्सा मी अर्पण केली. वय अवघे सत्तेचाळीस. नोकरी, घर, दोन मुले, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, रविवारी गायकवृंद आणि शुक्रवारी महिला मंडळ, असा तिचा व्याप होता. हृदयविकाराचा झटका आला आणि रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच सारे संपले. प्रवचनात मी म्हणालो, की या माउलीने मेणबत्तीप्रमाणे स्वतः जळून इतरांना प्रकाश दिला. मंदिरात हुंदके ऐकू आले. आपले प्रवचन चांगले झाले, असे मला वाटले.

दफनविधी आटोपल्यावर तिची सतरा वर्षांची मुलगी सॅक्रिस्टीत आली. ती म्हणाली, "फादर, आई दीड वर्षं सांगत होती, स्टेशनचा जिना चढताना धाप लागते म्हणून. पप्पा म्हणाले, वजन वाढलंय. आजी म्हणाली, आता वय झालं. मी तर ऐकलंच नाही. तुम्हालाही सांगितलं होतं ना तिनं?"

होय, मलाही सांगितले होते. पापनिवेदनात नव्हे, मंदिराच्या पायरीवर, रविवारच्या मिस्सेनंतर. मी घाईत होतो. "देवाला अर्पण करा," असे म्हणून मी पुढच्या कुटुंबाकडे वळलो होतो. तीन शब्दांत मी एका आजारी स्त्रीची बोळवण केली होती.

हा लेख त्या तीन शब्दांविरुद्ध आहे. तो कुणाला रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. मध्यमवयीन मातेने आपल्या शरीराकडे लक्ष द्यावे, व्यायाम करावा, बळ कमवावे, हा विषय धर्मगुरूने हाताळावा काय, असेही कुणी विचारील. माझे उत्तर असे, की ज्या व्यासपीठावरून आम्ही वर्षानुवर्षे तिच्या झिजण्याचे गोडवे गायिले, त्याच व्यासपीठावरून त्याची दुरुस्ती झाली पाहिजे.

आमच्या उपनगरांतील आईचा दिवस कसा उगवतो, ते एकदा पाहा. बोरिवली असो, अंधेरी असो, मुलुंड असो वा घाटकोपर. पहाटे पाचला नळाला पाणी येते, त्यापूर्वी ती उठलेली असते. डबे भरणे, मुलांना शाळेला धाडणे, वृद्धांची औषधे मांडून ठेवणे, हे उरकून ती गाडी गाठते. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी केवळ स्त्रियांसाठीची लोकल सुरू झाली, तेव्हा आम्हां सर्वांना केवढे कौतुक वाटले होते! त्या गाडीतल्या स्त्रिया परतीच्या प्रवासात मांडीवर भाजी निवडत, याचेही आम्ही कौतुकच केले. ऑफिसात आठ तास राबून आलेल्या स्त्रीला गाडीतही गवार मोडावी लागते, याची लाज वाटावी, हे मात्र कुणाला सुचले नाही.

कुणी म्हणेल, फादर भावनेच्या भरात बोलत आहेत. तर मग सरकारी आकडे घ्या. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१.२ टक्के स्त्रिया रोज बिनमोल घरकाम करतात, पुरुषांपैकी २६.१ टक्के. म्हणजे दर चार पुरुषांमागे जेमतेम एक. जे करतात, त्यांच्यापैकी स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुष ९७ मिनिटे देतात. २०२४ साली तीच पाहणी पुन्हा झाली. स्त्रीची मिनिटे २८९ वर आली आणि पुरुषाची ८८ वर. पाच वर्षांत तिचे ओझे दहा मिनिटांनी हलके झाले, आणि तेवढ्यात आम्ही पुरुषांनी आपलीही नऊ मिनिटे वाचवून घेतली!

आता ज्या आक्षेपांची मला खात्री आहे, ते एकेक करून पाहू.

पहिला आक्षेप आमच्या घरोघरी ऐकू येतो. "दिवसभर एवढी राबते, तिला आणखी व्यायाम कशाला?" वरकरणी हे बोलणे सहानुभूतीचे वाटते, परंतु त्यात एक मोठी चूक दडलेली आहे. दमणे आणि बळकट होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. स्नायू आणि हाडे यांचा निर्मात्याने घालून दिलेला नियम असा, की त्यांना नेहमीपेक्षा थोडा अधिक भार द्यावा, मग विश्रांती आणि अन्न द्यावे, म्हणजे ती वाढतात. घरकामात भार वाढत नाही, विश्रांती मिळत नाही आणि अन्न सर्वांत शेवटी मिळते. ओट्याशी तीन तास उभे राहिल्याने पाय सुजतात, मांड्या मजबूत होत नाहीत. गाडीत कडी धरून तासभर लोंबकळल्याने खांदा दुखतो, खांद्यात जोर येत नाही.

शिवाय वयाचा हिशेब वेगळाच आहे. तिशीनंतर माणसाचे स्नायू दर दहा वर्षांत सुमारे तीन ते आठ टक्के घटत जातात, असे वैद्यकशास्त्र सांगते. भारतीय स्त्रीची मासिक पाळी साधारणपणे सेहेचाळीस-सत्तेचाळिशीच्या सुमारास थांबते, आणि त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडांची झीज सर्वांत वेगाने होते. तोवर हृदयाला हार्मोनचे जे थोडेबहुत संरक्षण असते, तेही कमी होते. म्हणजे नेमक्या ज्या वयात मुलांच्या परीक्षा, सासूसासऱ्यांची आजारपणे आणि ऑफिसातली जबाबदारी एकदम अंगावर येते, त्याच वयात तिचे शरीर आधार मागू लागते. तेव्हा आपण तिला काय सांगतो? आता वय झाले.

आमच्या आज्या कुठे व्यायामशाळेत जात होत्या, असेही विचारले जाते. नव्हत्या जात. मरोळ, चकाला, गोराई, मनोरी येथल्या आमच्या ईस्ट इंडियन आज्या विहिरीचे पाणी शेंदत, डोक्यावर हंडे वाहत, भाताची लावणी करीत, उखळात मुसळाने मसाला कांडीत. त्यांचे व्यायाम त्यांच्या कामातच होते. पण मरोळची ती शेते आता कुठे आहेत? तिथे कारखाने, हॉटेले आणि उंच इमारती उभ्या आहेत. मुसळाचे काम यंत्र करते आणि हंड्याचे काम पंप करतो. ओझे गेले, हे चांगलेच झाले. त्या आज्याही अकाली वाकल्या होत्या, हे मी विसरलेलो नाही. परंतु भार गेला आणि दगदग तेवढी उरली, हे आपण ध्यानात घेतले नाही. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२२ मध्ये भारतातील ५७ टक्के प्रौढ स्त्रियांची शारीरिक हालचाल आरोग्याला पुरेशी नव्हती. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के होते. सकाळपासून रात्रीपर्यंत पाय न टेकणारी स्त्रीही शास्त्राच्या मापाने निष्क्रिय ठरू शकते. यापेक्षा क्रूर विनोद कोणता?

दुसरा आक्षेप धार्मिक आहे, म्हणून मला तो अधिक झोंबतो. "देह नाशवंत, आत्मा अमर. देहाचे चोचले कशाला?" बंधुभगिनींनो, हे ख्रिस्ती शिक्षण नव्हे. देहाला तुच्छ लेखणारे पंथ पहिल्या शतकांतच उगवले होते आणि ख्रिस्तसभेने त्यांना ठामपणे नाकारले. आमचा प्रभू देहधारी झाला. तो भुकेला झाला, थकला, शमरोनी गावच्या विहिरीवर बसला, तारवात झोपी गेला. आम्ही दर रविवारी देहाच्या पुनरुत्थानावरील विश्वास प्रकट करतो. मग आठवड्याचे उरलेले सहा दिवस आईच्या देहावर विश्वास का नसावा?

संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात शरीराला पवित्र आत्म्याचे मंदिर म्हटले आहे. मंदिराच्या छपराला गळती लागली, तर आम्ही पॅरिश कौन्सिलची तातडीची बैठक बोलावतो, वर्गणी काढतो, कंत्राटदार शोधतो. त्या दुसऱ्या मंदिराला गळती लागली, तर 'देवाला अर्पण करा' म्हणतो! त्याच पत्राच्या नवव्या अध्यायात पौल धावपटूंचा आणि मुष्टियोद्ध्यांचा दाखला देतो. करिंथ नगराजवळ इस्थमियाचे खेळ भरत असत. त्याचे वाचक खेळाडूंच्या शिस्तीशी परिचित होते, आणि प्रेषिताला तो दाखला अपवित्र वाटला नाही. नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायातील सद्गुणी स्त्रीविषयी आम्ही विवाहप्रसंगी आवर्जून बोलतो. ती पहाटे उठते, घरच्यांना अन्न देते, हे आम्ही रंगवून सांगतो. ती कंबर कसून आपले बाहू बळकट करते, हेही त्याच अध्यायात आहे. ते वाक्य आमच्या प्रवचनातून दरवेळी कसे गळते?

आणि एलिया संदेष्ट्याची आठवण करा. थकून, निराश होऊन तो रानात झुडुपाखाली आडवा झाला आणि मरण मागू लागला. परमेश्वराने त्याला उपदेश केला नाही, की त्याग करायला सांगितले नाही. दूताकरवी भाकर आणि पाणी पाठविले, झोपू दिले, पुन्हा उठवून खाऊ घातले. कारण पुढची वाट लांब होती. त्या अन्नाच्या बळावर तो होरेबपर्यंत चालला. देवाने आपल्या थकलेल्या सेवकाला जे दिले, ते आपण आपल्या घरातल्या थकलेल्या सेविकेला देतो काय?

परमगुरू संत जॉन पॉल दुसरे बर्फावरून घसरत जाण्याचा खेळ खेळत, डोंगर चढत. परमगुरू झाल्यावर त्यांनी कास्टेल गांडोल्फो येथील निवासस्थानी पोहण्याचा तलाव बांधून घेतला. परमगुरू लिओ चौदावे टेनिस खेळतात. आमच्या सेमिनरीत रोज सायंकाळी मैदानावर उतरणे सक्तीचे होते; सुदृढ शरीराविना सेवाकार्य होत नाही, असे आमचे रेक्टर सांगत. परमगुरू पोहले, तर ते आत्मसंयमन. सेमिनरीयन फुटबॉल खेळला, तर ती प्रेषितकार्याची पूर्वतयारी. आणि चार मुलांची आई पहाटे पायांत बूट घालून चालायला निघाली, की तो नखरा! हा न्याय कुठला?

संत जियाना बेरेत्ता मोल्ला हिचे चित्र आमच्या कित्येक घरांत आहे. चौथ्या बाळंतपणात बाळाचा जीव वाचावा म्हणून तिने आपला जीव धोक्यात घातला आणि २८ एप्रिल १९६२ रोजी वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी ती निवर्तली. १६ मे २००४ रोजी तिला संतपद बहाल झाले. तिच्या त्यागापुढे मी नतमस्तक आहे. पण आम्ही तिचे मरण तेवढे सांगतो. ती डॉक्टर होती, स्वतःचा दवाखाना चालवीत होती, बर्फावर स्कीइंग करण्याची आणि डोंगर चढण्याची तिला मनापासून आवड होती, हे किती मातांना ठाऊक आहे? जिने एका असाधारण क्षणी प्राणार्पण केले, ती रोजच्या जीवनात आनंदाने देह वागवीत होती. एका क्षणाचे बलिदान आणि वीस वर्षांची हेळसांड यांना एकाच तराजूत घालणे हा त्या संतेचाही अपमान आहे.

तिसरा आक्षेप खरा आहे, म्हणून त्याचा आदर केला पाहिजे. "फादर, वेळ कुठे आहे? पैसे कुठे आहेत?" हे स्वतः माता विचारतात. त्यांना प्रथम सांगतो, की मी तुम्हांला जाहिरातीतल्या तरुणीसारखे दिसायला सांगत नाही. उपनगरांतल्या प्रत्येक नाक्यावर आता काचेची व्यायामशाळा उघडली आहे. बाहेर लावलेल्या फलकांवर कंबर किती इंचांनी घटेल, याची हमी असते. स्त्रीला आधी घरात झिजवायचे आणि मग तिच्या झिजलेल्या देहाची लाज तिलाच विकायची, हा तो व्यापार. मला कंबरेच्या शोभेशी कर्तव्य नाही. गुडघ्यावर हात न टेकता तिला जमिनीवरून उठता यावे, साठाव्या वर्षी पाय घसरला तर खुब्याचे हाड मोडू नये, नातवाला कडेवर घेता यावे, मोतमाउलीच्या जत्रेत वांद्र्याची टेकडी तिने धाप न लागता चढावी, एवढेच माझे मागणे आहे.

त्याला लागणारा वेळही फार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि निदान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम करावेत. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपाझप चालणे. असे चालणे, की बोलता यावे पण गाता येऊ नये. आणि दोन दिवस वीस-पंचवीस मिनिटे बळाचे काम. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहा-बारा वेळा उठणे आणि सावकाश बसणे. भिंतीला तळवे लावून शरीर पुढे झुकवणे आणि परत ढकलणे. पाण्याने भरलेल्या बाटल्या दोन्ही हातांनी खांद्यापर्यंत आणि मग डोक्यावर उचलणे. जिन्याच्या पायरीवर टाचा उंचावणे. सोपे वाटू लागले, की भार थोडा वाढवायचा. यासाठी पैसा लागत नाही.

लागते ती मोकळीक, आणि ती आईच्या हाती नसते. बंधूंनो, येथे मी तुमच्याकडे वळतो. तिचा अर्धा तास आकाशातून पडणार नाही. तो तुमच्या २४ तासांतून यावा लागेल. सकाळचा चहा तुम्ही करा, डबे तुम्ही भरा, मुलाला बसपर्यंत तुम्ही सोडा. विवाहवेदीसमोर तुम्ही सुखात आणि दुःखात, आजारात आणि आरोग्यात साथ देण्याचे वचन दिले होते. आजारात तुम्ही रुग्णालयाबाहेर रात्री जागता, हे मी पाहिले आहे. पण वचनात आरोग्य हाही शब्द होता.

ताटाचाही विचार करा. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांच्या रक्तात लोहयुक्त घटक कमी आढळला, आणि २३.४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा अधिक होते. एकाच राज्यात, पुष्कळदा एकाच घरात, वजन जास्त आणि रक्त कमी! ज्या घरात आई शेवटी जेवते, तिथे हे घडणारच. सुरमईची मधली तुकडी नवऱ्याला, दुसरी मुलाला, आणि हिच्या वाट्याला शेपूट, कालवण आणि भात. शरीराच्या दर किलोमागे रोज सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिने लागतात. व्यायाम करणाऱ्याला थोडी अधिकच. अंडे, मासळी, डाळ, कडधान्य, दूध, यांतला तिचा वाटा आधी काढून ठेवा. उपवासकाळात सर्वांत कडक उपवास आई करते, असा आमच्याकडे अभिमान आहे. जी बारा महिने उरलेले खाते, तिने उपवासकाळात पोटभर जेवावे आणि बाकीच्यांनी आपला घास कमी करावा, असे मी यंदा प्रवचनात सांगणार आहे.

आता आमच्या धर्मग्रामाविषयी. त्या अंत्यविधीनंतर मी पॅरिश कौन्सिलपुढे प्रस्ताव ठेवला, की हॉल आठवड्यातून तीन दिवस पहाटे मातांच्या व्यायामासाठी मोकळा ठेवावा. केवढा गहजब! एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "हॉल पवित्र कार्यासाठी आहे." त्याच हॉलमध्ये आम्ही हाउझी खेळतो आणि लग्नात मध्यरात्रीपर्यंत नाचतो, हे मी त्यांना स्मरण करून दिले. दुसरे म्हणाले, "बायका पहाटे बाहेर पडल्या, तर घरचे कोण बघणार?" त्यांनी नकळत सारा प्रश्न एका वाक्यात मांडला. ठराव दोन मतांनी मंजूर झाला. पहिल्या दिवशी सहा स्त्रिया आल्या. त्यांतली एक जपमाळ हातात घेऊन आली होती, घरी नोव्हेनाला जाते असे सांगून. आईला व्यायामासाठी खोटे बोलावे लागते, अशा कुटुंबांना आम्ही आदर्श ख्रिस्ती कुटुंबे म्हणतो.

इतर धर्मग्रामांनीही हे करावे, अशी माझी विनंती आहे. हॉल आहेत, शाळांची पटांगणे आहेत. चाळिशीपुढील मातांचा रक्तदाब, रक्तातील साखर आणि हिमोग्लोबिन वर्षातून एकदा तपासण्याची सोय करणे कुठल्याही धर्मग्रामाला अशक्य नाही. प्रत्येक धर्मग्रामात डॉक्टर आणि परिचारिका आहेत. आणि व्यायामाला आरंभ करण्यापूर्वी ज्यांना जुना आजार आहे त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. जिना चढताना नव्याने लागणारी धाप, कारणावाचून येणारा थकवा, छातीत, जबड्यात वा पाठीत येणारी कळ, यांना वयाचे नाव देऊन घरी बसू नका. स्त्रियांत हृदयविकार अनेकदा अशाच आडवाटेने येतो.

माता-भगिनींनो, तुम्हांलाही एक कठोर शब्द. "माझे काय, मुलांचे होऊ दे," हे तुमचे वाक्य मी तीस वर्षे ऐकत आलो आणि डोलत आलो. त्यात प्रेम आहे, तसा थोडा अहंकारही आहे. माझ्यावाचून घर चालत नाही, ही भावना सोडवत नाही. तुमची मुलगी तुमच्या बोलण्यावरून शिकत नाही. तुम्ही स्वतःला कसे वागविता, ते पाहून शिकते. तुम्ही शेवटी जेवला, तर उद्या तीही शेवटीच जेवेल.

त्या मुलीच्या प्रश्नाला मी सॅक्रिस्टीत उत्तर देऊ शकलो नव्हतो. नंतर तिच्या घरी जाऊन मी तिची क्षमा मागितली. तिच्या वडिलांनीही मान खाली घातली. आता ती कॉलेजला जाण्यापूर्वी हॉलचे कुलूप उघडते, चटया अंथरते आणि आलेल्या स्त्रियांची नावे वहीत लिहिते. गेल्या आठवड्यात वहीत एकतीस नावे होती. मेणबत्तीचा दृष्टांत मी माझ्या प्रवचनांतून कायमचा काढून टाकला आहे. माझ्या धर्मगुरू-बंधूंनीही तो काढावा, एवढे मागून मी थांबतो.